फणसाच्या लाकडातला पिवळा रंग आणि प्रा. वेंकटरामन



फणसाचे झाड आपल्या भागाला नवे नाही. येळ्ळूरहून खानापूरकडे किंवा चंदगडकडे जावे तसतशी परसातली फणसाची झाडे वाढत जातात. फणस म्हटले की आपल्याला गरे आठवतात, सुताराला मात्र लाकूड आठवते. या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून पाट, चौरंग, देव्हारे, दाराच्या चौकटी यांसाठी ते मुद्दाम वापरले जाते. दक्षिणेत मृदंग आणि तंजावरची वीणा याच लाकडाची करतात. ताजा ओंडका चिरताना तुम्ही पाहिला असेल तर करवतीखाली पडणारा भुसा हळदीसारखा पिवळा असतो हेही पाहिले असेल. सालीलगतचा भाग फिकट असतो, पिवळा असतो तो मधला पक्का गाभा. पुढे हवा आणि उजेड लागून तोच पिवळा तांबूस-तपकिरी होत जातो. ब्रह्मदेशातील बौद्ध भिक्षू या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून त्यात आपली वस्त्रे रंगवीत असत.

हा पिवळा रंग म्हणजे नक्की काय? तो एक पदार्थ आहे की अनेकांचे मिश्रण आहे? प्रश्न लहान वाटतो, पण त्याचे उत्तर पुरे व्हायला सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्यातला मोठा वाटा मुंबई आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी उचलला. त्या कामाचे प्रमुख होते प्रा. कृष्णसामी वेंकटरामन. या अंकात आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत. नावावरून घोटाळा होतो म्हणून आधीच सांगतो, नोबेल पारितोषिक मिळवणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन वेगळे आणि हे वेगळे. ते पदार्थविज्ञानाचे, हे रसायनशास्त्राचे.

वेंकटरामन यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी मद्रास येथे झाला. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकून सरकारी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला मँचेस्टर येथे गेले. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे गाव आणि गिरण्या म्हटल्या की रंग आलेच. पण त्यांना तेथे खरा लाभ झाला तो गुरूचा. प्रा. रॉबर्ट रॉबिन्सन हे वनस्पतींतील रसायनांच्या रचना उलगडणारे त्या काळातले फार मोठे नाव होते. त्यांना पुढे १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फुले, पाने, साली, लाकूड यांतले रंगद्रव्य वेगळे काढायचे, ते काय आहे ते ठरवायचे आणि मग तेच प्रयोगशाळेत बनवून आपला निष्कर्ष पडताळायचा, ही शिस्त वेंकटरामन यांनी तेथे अंगी बाणवून घेतली.

परत आल्यावर ते काही काळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते आणि नंतर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. लाहोर तेव्हा भारतातच होते. तेथे काम करताना १९३३ साली त्यांना आणि त्यांचे विद्यार्थी महाल यांना एक नवी रासायनिक क्रिया सापडली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही स्वतंत्रपणे तीच क्रिया आढळली, म्हणून जगभरच्या पुस्तकांत ती दोघांच्या नावाने, बेकर-वेंकटरामन पुनर्रचना म्हणून ओळखली जाते. रसायनशास्त्रात पदवी घेणाऱ्याला ती आजही शिकावी लागते. साध्या कॉलेजाच्या प्रयोगशाळेत, आजच्या मानाने जवळजवळ काहीच साधने नसताना हे झाले, याची नोंद आमच्या पालकवर्गाने आणि विश्वस्तांनीही घ्यावी असे वाटते.

या क्रियेने फ्लेवोन नावाच्या जातीचे पदार्थ बनवता येतात. ती जात कळली तर फणसाची गोष्ट कळेल, म्हणून जरा थांबून ती समजून घेऊ.

झाडांतले पुष्कळसे पिवळे रंग एका ठराविक सांगाड्यावर बांधलेले असतात. तीन कडी मनात आणा. दोन एकमेकांना चिकटलेली आणि तिसरे बाजूला एका दुव्याने जोडलेले. या सांगाड्यात १५ कार्बन असतात. त्यावर ठिकठिकाणी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, बसलेले असतात. किती बसले आणि कुठे बसले यावरून पदार्थ बदलतो. कांद्याच्या टरफलात क्वेरसेटिन नावाचा पिवळा पदार्थ आहे. फणसाच्या गाभ्यात मोरिन नावाचा आहे. दोन्हींत कार्बन १५, हायड्रोजन १०, ऑक्सिजन ७. रेणुभारही दोन्हींचा ३०२. वजन करून किंवा जाळून पृथक्करण केले तर दोहोंत फरकच दिसणार नाही. फरक आहे तो इतकाच की बाजूच्या कड्यावरचा एक हायड्रॉक्सिल गट मोरिनमध्ये एक घर सरकून बसला आहे. एकाच वाड्यात दोन जुळे भाऊ राहावेत आणि एकाने टोपी उजवीकडे कलती घालावी, दुसऱ्याने डावीकडे, असा हा प्रकार. कोणता कोण हे ओळखणे म्हणजेच या शास्त्रातले खरे काम.

१९३४ साली वेंकटरामन मुंबईला आले. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा एक स्वतंत्र विभाग सुरू केला होता. पुढे माटुंग्याला गेलेला आणि यूडीसीटी या नावाने प्रसिद्ध झालेला तो हाच विभाग. १९३८ साली वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले. मुंबईत तेव्हा गिरण्या होत्या, कामगार होते, कापूस होता, रंग मात्र परदेशातून येत. जर्मनी, इंग्लंड, स्वित्झर्लंड येथील कंपन्यांच्या डब्यांवर नाव असे, आत काय आहे हे ज्याचे त्यालाच ठाऊक. रंग तयार करणारा आणि तपासणारा माणूस येथे घडवायचा, हे त्या विभागाचे मोठे काम होते. पुढे देशात रंगाचे कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांत या विभागात शिकलेली माणसे होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर दोस्त राष्ट्रांच्या पथकांनी तेथील कारखान्यांतली गुपिते अहवालांच्या रूपाने बाहेर आणली. हे हजारो पानांचे विखुरलेले अहवाल आणि जगभरचे शोधनिबंध वाचून वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावर इंग्रजीत दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९५२ साली न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. ज्या देशांतून आपण रंग विकत घेत होतो त्याच देशांतले लोक रंगांविषयी वाचायला मुंबईच्या प्राध्यापकाचा ग्रंथ उघडू लागले. १९७० नंतर त्यांच्याच संपादनाखाली या मालेचे आणखी खंड निघाले आणि एकूण संख्या आठ झाली.

कृत्रिम रंगांचा एवढा मोठा जाणकार, मग तो फणसाच्या भुशाकडे का वळावा? येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १८५६ साली विल्यम पर्किन याने पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग बनवला आणि त्या वाटेने पुढे झाडापाल्याच्या रंगांचा धंदा बसला. त्याच पर्किनचा मुलगा आर्थर पर्किन याने मात्र आयुष्य घालवले ते झाडापाल्याच्याच रंगांचा अभ्यास करण्यात. १८९५ साली कोप या सहकाऱ्यासह फणसाच्या लाकडाचे पृथक्करण करून त्याने दोन पदार्थ बाहेर काढले. एक वर सांगितलेला मोरिन आणि दुसरा सायनोमॅक्ल्युरिन. त्यावर पुढे बरीच वर्षे फणस बाजूला पडला. जे मिळायचे ते मिळाले, असेच बहुतेकांना वाटले असावे.

वेंकटरामन यांनी मुंबईत तो पुन्हा हाती घेतला. या कामाची रीत काय असते ते सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात पदार्थांची नावे असतात पण ते कसे सापडले हे क्वचितच असते.

गाभ्याचा भुसा घ्यायचा. तो एका द्रावकात भिजवून किंवा उकळून काढायचा, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पेट्रोलियम ईथरमध्ये तेलकट, मेणचट भाग उतरतो, ईथरमध्ये वेगळा, ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये आणखी वेगळा. द्रावक उडवून लावला की तळाशी तपकिरी चिकट लगदा उरतो. हाच अर्क. यात पाच पदार्थ आहेत की पंचवीस हे डोळ्यांना कळत नाही. मग काचेच्या उभ्या नळीत सिलिकासारखी पांढरी पूड भरून वरून अर्क सोडायचा आणि द्रावकाने हळूहळू धुवायचा. पुडीला घट्ट चिकटणारा पदार्थ मागे राहतो, सैल धरणारा पुढे पळतो. नळीत पिवळे पट्टे वेगवेगळे होत खाली उतरतात. प्रत्येक पट्टा वेगळ्या भांड्यात धरायचा, आटवायचा आणि स्फटिक येण्याची वाट पाहायची. कधी ते एका रात्रीत येतात, कधी महिनाभर येत नाहीत. आले तरी पुन्हा विरघळवून पुन्हा स्फटिक करायचे, द्रवणांक स्थिर होईपर्यंत. शुद्ध पदार्थ ठराविक तापमानाला चटकन वितळतो, भेसळीचा आधीच पाघळू लागतो. आपल्याकडचा पदार्थ ओळखीचाच आहे अशी शंका असेल तर दोन्ही मिसळून पाहायचे. द्रवणांक घसरला तर ते दोन वेगळे, नाही घसरला तर एकच. किती साधी युक्ती, पण तिच्यावर शंभर वर्षे शास्त्र चालले.

एवढे झाले म्हणजे फक्त वेगळे काढणे झाले. ओळख पुढेच आहे. मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून लालसर रंग येतो का, फेरिक क्लोराइडने हिरवा होतो का, किती हायड्रॉक्सिल गट आहेत, हायड्रोजन किती शोषून घेतो, अल्कलीने तोडल्यावर कोणते तुकडे हाती येतात, अशा एकेक पुराव्याने रचना बांधत जायची. शेवटी जमले तर तोच पदार्थ किंवा त्याचे जवळचे रूप प्रयोगशाळेत बनवून झाडातल्याशी ताडून पाहायचे. लाहोरला सापडलेली क्रिया अशा ताडणीलाच उपयोगी पडणारी होती.

१९५६ साली वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी दवे यांनी फणसाच्या गाभ्यातून मिळालेल्या आर्टोकार्पिन या नव्या पदार्थाविषयी निबंध प्रसिद्ध केला. फणसाच्या शास्त्रीय नावावरून हे नाव दिलेले आहे. यात कार्बन १५ नसून २६ निघाले. नेहमीचा सांगाडा तर होताच, पण त्याला पाच-पाच कार्बनच्या दोन शेपट्या आणि एक मिथॉक्सी गट जोडलेला होता. त्याच्या सोबत सायक्लोआर्टोकार्पिन मिळाला, त्यात एक शेपटी वळून शेजारच्या ऑक्सिजनला अडकली आहे आणि नवे कडे तयार झाले आहे. मग आर्टोकार्पेटिन, नॉरआर्टोकार्पेटिन, आर्टोकार्पेसिन अशी यादी वाढत गेली. पर्किनला जेथे दोन दिसले होते तेथे आता दहाच्या आसपास भावंडे उभी राहिली. पर्किनची यात चूक नव्हती. त्याच्याकडे ती नळी नव्हती आणि थोडक्या प्रमाणातले पदार्थ मोठ्यांच्या आड लपून राहतात.

१९५७ साली वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. ही प्रयोगशाळा पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली होती. त्यांच्या आधीचे दोन्ही संचालक परदेशी होते आणि त्यांतले दुसरे, जॉर्ज फिंच, हे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले गिर्यारोहक होते, हे आमच्या गडप्रेमी विद्यार्थ्यांसाठी जाता जाता. वेंकटरामन हे तेथील पहिले भारतीय संचालक. १९६१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. संचालकाची खुर्ची म्हणजे बैठका आणि कागद, पण फणसाचे काम त्यांनी सोडले नाही. उलट त्या दशकात एनएमआर नावाचे तंत्र हाती आल्यावर रेणूतला कोणता हायड्रोजन कोणाच्या शेजारी आहे हे कळू लागले आणि पूर्वी ज्याला वर्षे लागत ते काम आठवड्यांवर आले. गुरू रॉबिन्सन यांनीही ज्यावर एके काळी डोके चालवले होते त्या सायनोमॅक्ल्युरिनवर १९६० च्या दशकात भारतातल्याच प्रयोगशाळांनी पुन्हा काम केले.

लाखेच्या रंगाची गोष्टही अशीच. लाखेच्या किड्यापासून मिळणारा लाल रंग म्हणजे लॅकेइक आम्ल हा एकच पदार्थ आहे असे कित्येक वर्षे पुस्तकांत होते. तो एक नसून अनेक आहेत हे १९६० च्या दशकात उघड झाले आणि त्या उलगड्यात पुण्याचा भाग मोठा होता. आपल्या आमसुलाच्या कुळातले गार्सिनिया मोरेला म्हणून एक झाड आहे. त्याच्या बियांतल्या मोरेलिनची रचना ठरवताना मद्रासचे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांच्या क्ष-किरण अभ्यासाची जोड मिळाली आणि १९६३ साली ती जाहीर झाली. त्याच झाडाच्या गाभ्यातून १९६७ साली मोरेलोफ्लेवोन मिळाले, ज्यात दोन सांगाडे एकमेकांना जोडलेले आहेत.

आम्हांला मात्र सर्वांत आवडते ते यापुढचे. फणसाच्या जवळच्या जातींची लाकडे तपासून झाल्यावर १९६८ साली तुतीच्या सालीतून असेच शेपट्यांचे चार पदार्थ मिळाले. रेशमाच्या किड्यांना पाला घालतो ती तुती आणि आपला फणस! दिसायला कुठे काही साम्य आहे का? पण वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांना एकाच कुळात घालतात, वड आणि पिंपळही त्याच कुळातले. फुलाफळांवरून त्यांनी जी सोयरीक जुळवली होती तिची खूण आता लाकडात आणि सालीतही सापडली. कांद्याच्या टरफलापेक्षा एक घर सरकलेला तो हायड्रॉक्सिल गट या कुळात पुन्हा पुन्हा भेटतो. १९७२ साली वेंकटरामन यांनी या कुळाच्या लाकडांतील पदार्थ आणि त्यांचे वर्गीकरण यांवर निबंध लिहिला. एका लाकडात काय आहे हे विचारता विचारता कोण कोणाचे नातेवाईक इथपर्यंत ते पोचले होते.

१९६६ साली ते निवृत्त झाले आणि संचालकपद डॉ. बी. डी. टिळक यांच्याकडे गेले. निवृत्त झाले म्हणजे खुर्चीवरून उठले एवढेच. तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यांचे शोधनिबंध नंतरही निघत राहिले. वर सांगितलेला १९७२ चा निबंध हा त्यांच्या एकाहत्तराव्या वर्षाच्या आसपासचा आहे. १९८१ साली ते वारले. मद्रासचा माणूस, शिकला मँचेस्टरला, शिकवू लागला लाहोरला आणि आयुष्यातली चाळीसहून अधिक वर्षे मुंबई-पुण्यात घालवली. भाषेवरून जेथे घराघरांत बोलणी होतात अशा आपल्या सीमाभागात राहून हे वाचताना आमच्या मनात जे येते ते प्रत्येकाच्या मनात वेगळे येईल, म्हणून येथे लिहीत नाही.

नववी-दहावीच्या मुलांना या कामाची थोडी चव घेता येईल. सुताराकडून फणसाच्या गाभ्याचा मूठभर भुसा आणा. गाभ्याचाच हवा, बाहेरचा फिकट नको. तो पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळून गाळा आणि पाणी तीन वाट्यांत घाला. पहिली तशीच ठेवा, दुसरीत तुरटी टाका, तिसरीत चिमूटभर हिराकस. तिन्हींत पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बुडवा. तुरटीने पिवळा खुलतो, हिराकसाने तो काळपट हिरव्याकडे जातो. तुरटीत ॲल्युमिनियम असते आणि मोरिन त्याच्याशी जोडले की हिरवट चमकते. या चमकेवरून ॲल्युमिनियम ओळखण्याची युक्ती १८६७ सालची आहे. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो त्याच्या उजेडात अंधाऱ्या खोलीत दुसरी वाटी धरून पाहा, दिव्याकडे मात्र टक लावू नका. हे सर्व शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे आणि वाट्या स्वयंपाकघरातल्या नसाव्यात. यासाठी खर्च काहीच नाही, फक्त दोन तासिका एकत्र मिळायला हव्यात. वेळापत्रक ठरवताना मुख्याध्यापकांनी आणि संचालक मंडळाने याचा विचार करावा अशी आमची सूचना आहे.

आर्टोकार्पिनवरचे काम वेंकटरामन यांच्यानंतरही चालू राहिले. १९९६ साली जपानी संशोधकांनी फणसापासून मिळालेला आर्टोकार्पिन आणि त्याचे भावंड आर्टोकार्पेसिन दात किडवणाऱ्या जंतूंची वाढ रोखतात असे दाखवले. हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंवरचे निष्कर्ष आहेत, तेव्हा कोणी घरी जाऊन भुशाच्या काढ्याने चूळ भरू नये.